काढून नेलेली रॅम

एका वाक्याचा मला अजून राग येतो. ‘मेमरी कमी पडतेय, मशीन जुनं झालंय.’ वाक्य दर वेळी खोटं असतं असं नाही. मी स्वतः ते कितीतरी घरांत बोलले आहे. पण आमच्या धंद्यात चोरी करायची असेल, आळस लपवायचा असेल किंवा समोरच्याला गप्प बसवायचं असेल, तर याच्याइतकं सोयीचं वाक्य दुसरं नाही. डॉक्टरनं ‘रक्त कमी आहे’ म्हटलं तर माणूस निदान रिपोर्ट मागतो. कॉम्प्युटरवाल्यानं म्हटलं की मान डोलावतो, कारण तो पत्र्याचा डबा उघडून आत बघायचा त्याला धीर होत नाही.

मी मुदखेडची. वडील रेल्वेत गँगमन होते. नांदेडला हार्डवेअरचा कोर्स केला, लग्न होऊन लातूरला आले आणि घरोघर जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करायला लागले. सुरुवातीला दार उघडणारा माणूस आधी माझ्या मागं बघायचा, मेकॅनिक जिन्यात राहिला की काय म्हणून. मी पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला की मगच आत घ्यायचे. काही घरांत आडनाव विचारून झाल्यावर चहा यायचा, काही घरांत आडनाव विचारून झाल्यावर चहा राहून जायचा. त्या सगळ्याची मला सवय होती. माझा राग त्याचा नाही, किंवा आज त्याबद्दल लिहायचं नाही.

मेमरी म्हणजे रॅम. ती काय असते हे मी बायकांना फार लवकर समजावून देत असे. घरात डबे ठेवायचं कपाट असतं, ती हार्ड डिस्क. आणि स्वयंपाकाचा ओटा असतो, ती रॅम. कपाट कितीही मोठं घ्या, ओटा हातभर असेल तर एका वेळी पोळपाट तरी मावेल नाहीतर परात तरी. मग तुम्ही सारखं काढा, ठेवा, काढा, ठेवा. जुना कॉम्प्युटर कुरकुरतो तो असा. ओटा वाढवला की काम पळतं. पण ओटा वाढवायला भिंत असावी लागते. जुन्या मशीनमध्ये रॅमच्या पट्ट्या बसवायच्या खाचा दोनच असतात. जुन्या जातीची पट्टी बाजारात मिळेनाशी होते आणि मिळाली तर नव्या जातीपेक्षा महाग पडते. काही जुन्या विंडोजला ठरावीक मर्यादेपलीकडची मेमरी दिसतच नाही. तुम्ही घालाल आणि ती आत नुसती बसून राहील. हे कुठलाही दुकानदार आधी सांगत नाही. म्हणून माझा नेम होता, आधी डबा उघडायचा, धूळ काढायची, पट्टीची सोनेरी कड शाळकरी खोडरबरानं पुसून परत बसवायची. निम्मी मशीनं तेवढ्यावर सुधारतात. मगच वाढवायची का, हे बोलायचं.

ज्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट आहे. नळ कोरडे पडून महिने झाले होते. क्लासेसनी पोरांना गावी पाठवलं होतं, होस्टेलं ओस पडली होती. लोक पाण्याच्या ड्रमला कुलूप लावत होते. अशा दिवसांत घरचा कॉम्प्युटर कोण दुरुस्त करतो? माझं स्वतःचं काम जवळपास बंद पडलं होतं. चालू होतं ते विलासशेठच्या दुकानाचं. विलास नांदेडच्या कोर्समध्ये माझ्याच वर्गात होता. त्यानं लातूरला मोठं दुकान टाकलं, त्याच्याकडं शाळा-कॉलेजांची कामं होती, आणि त्यातली प्रिंटर आणि नेटवर्कची कामं तो मला देत असे. घर त्याच्यावर चाललं होतं, हे आधीच सांगते.

एका सकाळी फोन आला. “मी माणिकराव बोलतो. तुमचं नाव मला मुरुडच्या एका सरांनी दिलं. घरचं मशीन हाय. मेमरी वाढवायची का नवीन घ्यायचं, एवढं सांगून जावा.”

आवाज स्वच्छ आणि ठाम होता. नंतर कळलं की त्यांनी सगळी नोकरी सरकारी कचेरीत टेलिफोन ऑपरेटर म्हणून काढली होती.

घर शोधत गेले. दार त्यांच्या बायकोनं, शांताकाकूंनी उघडलं. बोळात भिंतीला लागून ड्रम, घागरी, बादल्या, पातेलीसुद्धा. काकू म्हणाल्या, “जपून या बाई. ह्यांना दिसत न्हाई, त्यांच्या चालायच्या वाटंवर मला हे ठेवावं लागलंय. रोज गुडघा फोडून घेऊ लालेत.”

माणिककाका जन्मापासून आंधळे. आतल्या खोलीत कॉम्प्युटरपुढं बसले होते. कॉम्प्युटरचा पडदा बंद होता, त्यांना त्याची गरज नव्हती. कॉम्प्युटरवर जे येतं ते बोलून दाखवणारा प्रोग्रॅम त्यांनी घातला होता. शेजारी स्कॅनर. काकू पुस्तकाचं पान स्कॅनरवर धरायच्या, मशीन त्याची अक्षरं ओळखायचं, काका ऐकून चुका दुरुस्त करायचे आणि तयार झालेली फाइल नांदेड-लातूरच्या आंधळ्या पोरापोरींना पाठवायचे. सगळी स्पर्धा परीक्षेला बसणारी. त्यांच्यासाठी बाजारात ब्रेल पुस्तकं नव्हती, वाचून दाखवायला घरात कुणाला वेळ नव्हता. काकांच्या फायली हाच त्यांचा अभ्यास.

मी गेले तेव्हा त्यातल्याच एकीचा फोन चालू होता. रेणुका, इस्लापूरकडची. काकांनी फोनचा आवाज मोठा ठेवला होता. ती म्हणत होती, “काका, राज्यघटनेचं अर्धंच आलंय. परीक्षा जवळ आली. बाकीचं कधी देताव?”

“देतो गं माय. मशीन अडून बसलंय,” काका म्हणाले आणि फोन ठेवला. मग माझ्याकडं तोंड करून म्हणाले, “ऐका.”

त्यांनी एक फाइल उघडली. बोलणारा प्रोग्रॅम एक शब्द बोलला, थांबला, पुढचा अर्धा बोलला, पुन्हा थांबला. तोतऱ्या माणसाला कुणीतरी मधेच गप्प करतंय असं वाटत होतं. डोळ्यांनी बघणाऱ्याचं मशीन हळू झालं तर तो वैतागतो. काकांचं मशीन हळू झालं म्हणजे त्यांच्यापुढचं पानच फाटून गेलं होतं.

“आधी दुकानदाराला विचारलं होतं का? काय म्हणाला?” मी विचारलं.

“मेमरी कमी पडतेय, मशीन जुनं झालंय, नवीन घ्या.”

मी डबा उघडला. खोलीत उकाडा होता. कूलर होता, पण त्यात ओतायला पाणी कुठलं. आत धूळ होती, पण फार नाही. कुणीतरी अलीकडंच वरवर साफ केलेलं दिसत होतं. रॅमच्या दोन खाचा होत्या. एकीत पट्टी होती. दुसरी रिकामी होती.

रिकामी खाच बघून मला पुढचं कळलं. जी खाच पहिल्यापासून रिकामी असते, तिच्यात वर्षांची धूळ घट्ट बसते. काडीनं कोरावी लागते. ही खाच आतून लख्ख होती. पट्टी अडकवून धरणारे बाजूचे पांढरे खटके उघडे पडले होते. तिथं कालपरवापर्यंत पट्टी होती आणि कुणीतरी ती काढून नेली होती.

हे आंधळ्या माणसाला कसं सांगायचं, हा एक प्रश्न. आणि दुसरा, सांगून उपयोग काय.

“काका,” मी म्हणाले, “यात दोन पट्ट्या होत्या. आता एकच हाय.”

“म्हाईत हाय मला.”

मी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

“हे मशीन घेतलं तेव्हा मी बोलणाऱ्या प्रोग्रॅमकडून सगळं वाचून घेतलं होतं,” काका म्हणाले. “चार जीबी सांगायचं. मागं एकदा सुरूच होईना म्हणून दुकानातून माणूस बोलावला. तो गेल्यापासून दोन सांगतंय. जावयाला पुण्याला फोन केला. तो म्हणला, बाबा, तुमची ऐकण्यात चूक झाली असंल. दुकानात फोन केला, ते म्हणले, काका, पहिल्यापासून दोनच होती, तुम्ही विसरलाव. आता तुम्ही सांगा, मी तुम्हाला आधीच सांगितलं असतं, तर तुम्हीबी मनात काय म्हणला असता?”

मी वाकून त्या रिकाम्या खाचेकडं पुन्हा पाहिलं.

“म्हणून म्हणलं, डोळे असलेल्या माणसानं आपल्या तोंडानं सांगू द्या.”

“दुकान कुठलं, काका?”

त्यांनी विलासच्या दुकानाचं नाव घेतलं.

काकूंनी पाण्याचा तांब्या पुढं केला, तो मी नको म्हणाले. माझ्या पिशवीत त्याच जातीची जुनी पट्टी निघाली असती. बसवून दिली असती तर काकांचं काम सुरू झालं असतं, विलासला कळलं नसतं आणि माझ्या घरचा गॅस चालू राहिला असता. माझ्या जागी दुसरं कुणी तसं केलं असतं तर मी त्याला नावं ठेवली नसती. पण रेणुकाचा तो अर्धवट अभ्यास माझ्या डोक्यात होता, आणि ‘तुम्ही विसरलाव’ हे शब्द होते. आमच्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या हेच ऐकवलं गेलंय, की तुमचं काही नव्हतंच, तुम्हाला भास होतोय. मला ते वाक्य ओळखीचं होतं.

काकांनी विचारलं, “मग काय करायचं? वाढवायची का मेमरी?”

“वाढवायची न्हाई, काका. परत आणायची.”

मी दुकानात एकटी जाते म्हणाले. काका उठून उभे राहिले. “माझी हाय, मी येतो.” काकूंनी त्यांना इस्त्रीचा शर्ट दिला. रिक्षात बसताना काका एवढंच म्हणाले, “तुम्ही तिथं भांडू नका. तुमचा आवाज आताच कापू लालाय.”

विलासच्या दुकानात एसी होता. मागच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं आणि आत जुन्या मशीनचे ढीग छतापर्यंत लागले होते. ते कशासाठी हे त्यानं मलाच पूर्वी सांगितलं होतं. उदगीर जिल्हा होणार, अशी तेव्हा जोरात बोलवा होती. जिल्हा झाला की नवी ऑफिसं, आणि ऑफिसं म्हटलं की मशीनं. जुन्या मशीनना नवा डबा चढवून ती खपवायचा त्याचा बेत होता. त्यासाठी डीडीआर टू ही जुन्या जातीची रॅम लागते आणि ती बाजारात मिळत नव्हती. मी तेव्हा हसले होते. ती रॅम कुठून जमा होते, याचा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता.

काउंटरवर दोन गिऱ्हाइकं बसली होती. विलासनं आधी मला पाहिलं, मग माझा हात धरून आलेल्या काकांना. “या काका, बसा. नवीन मशीन बघायचंय का?”

“न्हाई,” काका म्हणाले. “माझ्या मशीनमधली एक पट्टी तुमच्याकडं राहिलीय. ती न्यायला आलोय.”

विलासचं हसू जागेवर राहिलं, पण डोळे माझ्याकडं वळले. “काका, तुम्हाला कुणीतरी भडकवून दिलंय. पहिल्यापासून एकच पट्टी होती तुमची.”

“मी उघडून पाहिलंय, विलास,” मी म्हणाले. “खाच आतून स्वच्छ हाय.”

“असंल. मग आमच्या मेकॅनिकनं काही केलं असंल. तो सोडून गेला औरंगाबादला. आता त्याला कुठं शोधू?”

“मेकॅनिक आलाच नव्हता,” काका म्हणाले. “तुम्ही आला होताव.”

“मी? मला तर आठवत न्हाई.”

“मला आठवतंय. आमच्या घरचे टँकरवर गेले होते. घरात आपण दोघंच होताव. तुम्ही डबा उघडला आणि तुम्हाला फोन आला. तुम्ही म्हणला, ‘मिळाली, डीडीआर टू हाय, दोन-दोनच्या. एक घेऊन येतो.’ मग खटका वाजला. मी तुमच्या शेजारच्याच खुर्चीवर बसलो होतो.”

गिऱ्हाइकांपैकी एकानं हातातली पावती घडी करून खिशात घातली. काकांचा आवाज अजिबात चढला नव्हता. टेलिफोनवर नंबर जोडून देताना जसा असेल तसाच होता.

“पस्तीस वर्षं मी आवाज ओळखायचं काम केलंय,” ते म्हणाले. “तुम्हाला वाटलं असंल, ह्याला दिसत न्हाई म्हणजे हा इथं न्हाईच.”

विलास उठला, मागच्या खोलीत गेला आणि एक पट्टी घेऊन आला. ती त्यानं काउंटरवर टाकली. “घ्या. जुना माल. एवढ्यासाठी तमाशा करायची गरज नव्हती.”

“टाकू नका,” काका म्हणाले. “हातात द्या.”

त्यानं दिली. काकांनी तिच्या कडेवरून बोट फिरवलं, मधली खाच चाचपली आणि ती माझ्याकडं दिली. “तपासा.” मी विलासच्याच दुकानातल्या मशीनवर ती लावून पाहिली. ठीक होती. ती काकांचीच होती की दुसऱ्या कुणाच्या घरातून काढलेली, हे मला कधीच कळलं नाही, आणि ते मला आजही सलतं.

निघताना विलास माझ्याशी हळू आवाजात बोलला. “सुजाता, उद्यापासून यायचं काम न्हाई.”

“यायचा विचारबी न्हाई,” मी म्हणाले.

त्याच दुपारी काकांच्या मशीनमध्ये पट्टी बसवली. प्रोग्रॅम आधी नीट बोलला. मग काकांनी त्याचा वेग वाढवत नेला, इतका की मला एक शब्द कळेना, नुसती भुणभुण. काका मात्र मान हलवत ऐकत होते. काकूंनी पुढचं पान स्कॅनरवर धरलं. मी तिथं आहे हे दोघांच्याही लक्षात राहिलं नाही, आणि मला ते फार बरं वाटलं.

इथपर्यंतची गोष्ट लोकांना आवडते. पुढची आवडत नाही. विलासचं काही बिघडलं नाही. त्यानं बाजारात सांगितलं की ही बाई गिऱ्हाइकं फोडते. दुकानांची कामं मला जवळपास वर्षभर मिळाली नाहीत. त्याच उन्हाळ्यात त्याच्या दुकानाचं बॅनर लावलेला फुकट पाण्याचा टँकर आमच्या गल्लीत आला. बॅनरवर तो हात जोडून उभा होता. मी घागर घेऊन रांगेत उभी राहिले. पाणी लागतंच. पण घागर उचलून घरी नेताना मला जो राग आला तसा आयुष्यात पुन्हा आला नाही. पुढं त्याला कुठल्याशा कार्यक्रमात शाल मिळाली. मला ओळखीची माणसं सांगतात, ताई, झालं गेलं सोडा. का सोडू? त्यानं कधी चूक झाली म्हटलेलं नाही.

काकांच्या पोरांपैकी बरीच त्या परीक्षेत नापास झाली. रेणुका पुढच्या खेपेला पास झाली. नांदेड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सरकारी ऑफिसात क्लार्क म्हणून लागली. काकांनी मला पेढे पाठवले. काही महिन्यांनी रेणुकाचाच फोन आला.

“जय भीम ताई. माझ्या टेबलावर कॉम्प्युटर हाय, पण बोलणारा प्रोग्रॅम टाकू देत न्हाईत. साहेब म्हणतेत, मशीन जुनं हाय, मेमरी कमी पडंल. मी रोज नुसती बसून राहते.”

मी दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं निघाले.

साहेब वाईट माणूस नव्हता. मला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाला, “बाई, आता इकडं नवा जिल्हा होतोय म्हणतात. झाला की नवीन मशीनं येतील, तेव्हा टाकू की. तोवर त्यांना काही त्रास आहे का? बसल्या जागी पगार चालू आहे.” हे तो खरोखर भलेपणानं बोलत होता. त्यामुळं मला जास्त चीड आली. रेणुका त्याच खोलीत, चार हातांवर, मोकळ्या टेबलापुढं बसली होती.

मी मशीन सुरू करून दाखवलं. काकांच्या मशीनच्या दुप्पट मेमरी होती. “साहेब, यात काहीच कमी न्हाई. वाढवायचीबी गरज न्हाई.”

साहेबानं वाकून पडद्याकडं पाहिलं, थोडा ओशाळला आणि म्हणाला, “मला ऑफिसातल्या कॉम्प्युटर ऑपरेटरनं तसं सांगितलं होतं. टाका मग.”

मी प्रोग्रॅम घातला, रेणुकाच्या हातात हेडफोन दिले. तिनं ते कानाला लावले, बोटं कळांवर ठेवली आणि एकेक फोल्डर उघडून बघू लागली. साहेब थोडा वेळ उभा राहून बघत होता. मग माझ्याकडं वळून म्हणाला, “ऑनलाइन तक्रारींची उत्तरं तुंबलीत. त्यांना विचारा बरं, मराठी टायपिंग येतं का?”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात रेणुकानं एका कानावरचा हेडफोन बाजूला केला.

“मला विचारा, साहेब. मी इथंच हाय.”

साहेब माझ्यापुढून हलला, तिच्या टेबलाजवळ जाऊन उभा राहिला आणि त्यानं तिला विचारलं.